तिसरा रकाना

गाणं ऐकताना लोक डोळे मिटतात. आबा खिडकी उघडत. दीपनगरच्या कॉलनीत, आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये ते मुलाकडे राहायचे. खिडकी उघडली की वीजकेंद्राच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण आत येई आणि आबा तिच्यावर गाण्याची पट्टी ताडून बघत. "पांढरी पाचच्या केसभर वर," ते सांगत. "पेटी उतरते, हा उतरत नाही." नोकरीभर टर्बाइनजवळ उभं राहून त्यांचा डावा कान गेला होता. उजव्याला ते फार जपत.

त्यांची एक वही होती. प्रत्येक गाण्याला तीन रकाने: गती, पट्टी, भाव. घड्याळ समोर ठेवून ते टेबलावर बोटानं ठोके मोजत. पहिले दोन रकाने पेननं भरत, तिसरा पेन्सिलनं, एकाच शब्दात. 'रुसवा'. 'घाई'. एकदा नुसतंच 'दुपार'. "टेप हळू चालली तर गती उतरते, पट्टीही उतरते," ते म्हणत. "भाव तिथंच राहतो. पण तो आज एक वाटतो, उद्या दुसरा. म्हणून पेन्सिल."

मी तेव्हा नुकती कॉलेजात जाऊ लागले होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, बोलणं दोन्ही भाषांत कमीच. "शब्द काय रेशनवर मिळतात का गं तुला?" आबा चिडवत. पण मला गप्प बसू देत, म्हणून मी त्यांच्याकडे जायचे.

आक्का, त्यांची बायको, उन्हाळ्यात गेल्या. त्यानंतर दोन महिने खिडकी बंद होती. मग एका दुपारी आबांनी एक कॅसेट काढली. बदली होऊन गेलेल्या एका इंजिनिअरनं मागे ठेवलेली, वर नाव नाही. जॅझ गाणारी कुणी बाई, मागे पियानो आणि एक जाड तारांचं वाद्य. आबांनी खिडकी उघडली आणि ते गाणं चारदा लावलं. वहीत लिहिलं: मिनिटाला अठ्ठावन्न. पांढरी पाच, गंधार कोमल. तिसऱ्या रकान्यात: 'रिकामं'.

मग माझ्याकडे वळले. घरातली अहिराणी त्यांच्या तोंडी आपसूक यायची. "माय, तुले इंग्रजी येस ना? काय म्हणस ती बाई?"

ती बाई रोज संध्याकाळी दोन ताटं वाढते. दुसऱ्या ताटावर कुणी येणार नाही हे तिला माहीत आहे, तरी वाढते. आबांच्या मागे, स्वयंपाकघरातल्या मांडणीत आक्कांचं ताट अजून तसंच उभं होतं.

"दोन ताटं वाढतेय," मी म्हणाले. "कुणीतरी येणार आहे."

"मग खुशीत शे?"

"हो."

त्यांनी गाणं पाचव्यांदा लावलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग 'रिकामं' खोडून काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. "मना कान गया, माय," ते म्हणाले, आणि उठून खिडकी लावली.

ती पुन्हा उघडली नाही. "डॉक्टर म्हणतात उजवा कान चांगला आहे," त्यांच्या सूनबाई आईला सांगत होत्या, "पण बाबांना पटतच नाही. टेपसुद्धा माळ्यावर टाकली." खरं सांगायला मी तीनदा त्यांच्या दारात गेले. एकदा ते जेवत होते. एकदा झोपले होते. तिसऱ्यांदा त्यांनीच दार उघडलं, आणि मी विरजण मागून परत आले.

दिवाळीआधी ते शिंदखेड्याजवळच्या आपल्या गावी निघाले. जीप दारात उभी असताना त्यांनी वही आणि ती कॅसेट माझ्या हातात दिली. "मला आता हिचा उपयोग नाही. त्या बाईच्या गाण्यातच कळलं." आई शेजारी उभी होती. मी म्हणाले, "आबा, पोचल्यावर फोन करा." तेवढंच.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

आता मी नोकरीसाठी धुळ्यात असते. इथं खिडकी उघडली की हायवे ऐकू येतो, त्याला एक सूर नाही. परवा ते गाणं लावून फोनवर मोजलं. अठ्ठावन्न. पांढरी पाच. दोन्ही रकाने बरोबर निघाले.

तिसऱ्यात पेन्सिलचं 'रिकामं' खोडलेलं आहे, तरी वाचता येतं. त्याच्या खाली 'आनंद'. सगळ्या वहीत भावाच्या रकान्यातला तेवढा एकच शब्द आबांनी पेननं लिहिला आहे.