गोंदणावरचं घड्याळ

मायच्या काळजाची झडप खराब आहे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनसाठी अकोल्याला न्या. माय म्हणाली, "तुही आत्या नेली होती ना अकोल्याले? परत कशी आली? चादरीत." झालं, पुढे बोलायची सोयच ठेवली नाही! मी जळगाव जामोदला, ती संग्रामपूरच्या पलीकडे खेड्यात. निदान तिचे ठोके तरी माझ्या फोनवर दिसावेत म्हणून मी तिच्यासाठी फिटनेसवालं घड्याळ घेतलं.

दुकानदारानं सांगितलं, कामाचा हात सोडून दुसऱ्या हातात घाला. म्हणून डाव्या हातात बांधलं. तर ठोक्यांच्या जागी नुसत्या रेघा! मी दुकानात जाऊन तणतणले. त्यानं शांतपणे विचारलं, "मनगटावर गोंदलेलं आहे का?" आहे ना. लग्नाआधी गोंदलेली तुळस, मनगटभर, हिरवीकाळी. घड्याळाचा उजेड म्हणे त्या शाईतून आत जात नाही, मग ते ठोके मोजणार कसे?

हे सांगितलं तर माय हसायलाच लागली. "गोंदण थोडीच निघते! बाकी सारं काढून घेतात लोकं, हेच संगं येते." मला असलं मरणाचं बोलणं अजिबात खपत नाही. मी म्हटलं, गप बस, उजवा हात दे इकडे. दोन बांगड्या उतरव म्हटलं, तर तिथंही वाद. "तुहा बाप समोर बसला हाये, मी हात रिकामा करू काऊन?" शेवटी बांगड्या वर सरकवल्या आणि खाली घड्याळ बांधलं. आकडे दिसायला लागले. मला किती हायसं वाटलं!

मग माझा उद्योगच झाला तो. तिकडे ती वांगी तोडत असायची, ठोके वाढले की इकडून माझा फोन. "माय, बस खाली!"

"बसली बाई, बसली. पोरगी हाये का मुकादम?"

काही दिवसांनी मधूनच रेघा दिसायला लागल्या. थोडा वेळ रेघा, परत आकडे. विचारलं तर म्हणाली, "उजव्या हातात इळा धरा लागते. खुपते ते, म्हनून डाव्या हातात घालतो." मला पटलं. कामाच्या बाईला अडचण होणारच.

एका रविवारी न कळवताच गेले. माय ओसरीत भिंतीला टेकून बसलेली, तोंड उघडं, श्वास पुरत नव्हता. घड्याळ डाव्या हातात, गोंदणावर. विळा कुठंच नव्हता. बाबा तांब्या घेऊन शेजारी बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "धडधड सुटली का पह्यले घड्याळाचा हात बदलते. पानी मंग मांगते."

म्हणजे जिला मी काम समजत होते, ती प्रत्येक रेघ म्हणजे ही धडधडच होती. राग आला, रडूही आलं. "मंग मी हे कायले आनलं, माय?"

ती श्वास बसेपर्यंत थांबली. "तुले दिसलं का तू गाडी करते. अकोल्याले नेते. मले घरीच राहू दे, बाई."

संध्याकाळी निघताना मी घड्याळ पुन्हा उजव्या हातात बांधलं. तिनं हात पुढे केला. बसमध्ये फोनवर आकडे दिसत होते. जळगाव यायच्या आधी ते थांबले आणि रेघा आल्या.

मी फोन लावला. बराच वेळ वाजला, मग तिनं उचलला. आवाज तुटत होता.

"घड्याळ कोन्या हातात हाये, माय?"

"उजव्याच हाये ना."

गाडीवाल्याचा नंबर माझ्याकडे होता. "बरं," मी म्हटलं, आणि फोन पर्समध्ये ठेवून दिला.