न मोजलेला कोन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. कोनसरांचं नाव ज्या चुकीनं गेलं, ती चूक माझी होती.

कोनसर हे नाव ठाकूरद्वारच्या त्यांच्या वाडीतल्या पोरांनी ठेवलेलं. सर गणित शिकवत आणि मी त्याच कॉलेजात त्यांच्या हाताखाली होतो. जिन्यात कुणी भेटलं तरी ते हातातलं पुस्तक अर्धवट उघडून धरायचे. एका पानावरून समोरच्या पानावर काटकोनात बोट टाकायचं, तिथून परत पहिल्यावर. असं करत करत बोट शिवणीपाशी पोचतं. "ही दोन पानं म्हणजे दोन अवकाश, आणि शिवण म्हणजे आपलं उत्तर," ते सांगत. "पण पुस्तक मिटत आलं, कोन निमुळता झाला, की पावलं बारीक पडतात. पाऊल बारीक झालं म्हणजे घर आलं, असं समजू नकोस हां. हिल्बर्टच्या अनंत मितींच्या अवकाशात तर कोन शून्यावरही येतो. तिथे किती वेगानं पोचू, याची हमीच नाही."

या रीतीनं मोठी समीकरणं सोडवून दाखवायला एका संशोधन संस्थेनं त्यांना बोलावलं होतं. जमलं तर तिथे जागा मिळणार होती. "मग फळा सोडला बघ," म्हणायचे.

आकडेमोड माझ्याकडे होती. आधी कोन मोजायचा, मग आकडेमोडीचं हातयंत्र फिरवत पावलं टाकायची. कोन मोजणं फार किचकट. त्यात खालून मोर्चा चालला होता, मुंबईसकट महाराष्ट्र मागत. परळचा माझा दोस्त ओरडला, "येतोस काय रे? त्या कोनाला सांग, मुंबई मिळाल्यावर बघू." कोन तसाच ठेवून मी पावलं टाकली होती, आणि आता पावलागणिक आकडे हलेनासे झाले होते. समीकरणांत घालून पाहिले, जवळपास जुळलेही. निमुळत्या कोनात तेही फसवतं, हे मला ठाऊक होतं. सरांना म्हटलं, "कोन ऐसपैस आहे, सर." आणि खाली पळालो.

संस्थेतल्या सरांच्या व्याख्यानात एका गृहस्थांनी तीच समीकरणं दुसऱ्या रीतीनं सोडवून आणली होती. त्यांचं उत्तर आमच्यापासून कुठल्या कुठे. त्यांनी शांतपणे विचारलं, "कोन कोणी मोजला?" सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे बघत राहिलो.

"मीच," सर म्हणाले.

परतताना ट्राममध्ये त्यांनी एवढंच विचारलं, "मोर्चा कसा झाला रे?"

"मोठा झाला, सर."

जागा गेली. कॉलेजातही मागून हसू लागले, कोनसरांना कोन मोजता येईना म्हणून. त्यानंतर त्यांच्या हातात अर्धवट उघडलेलं पुस्तक मी पाहिलं नाही. महाराष्ट्र झाला तेव्हा मी पेढा घेऊन गेलो. त्यांनी तो वहिनींच्या हातात दिला. "तुमचं झालं हो, छान झालं," म्हणाले.

सर गेले, पाठोपाठ वहिनीही. मोर्चाला गेलो होतो म्हणून अजून लोक माझं कौतुक करतात, आणि मी ते करू देतो. ती सभा पुन्हा भरायची नाही. भरली तरी मी उठेन, याचीही मला खात्री नाही. कोन मी मोजला नव्हता, हे एक वाक्य मी सरांचं देणं लागतो.