विसीनं थुंकलेलं ऑलिव्ह

विसीला उग्र वासाचं वावडं नव्हतं. लसूण, व्हिनेगर, गाढवाचा तबेला, सगळं तिला चालायचं. पण मे महिन्यात दिराच्या शेडमधल्या, मिठाच्या पाण्यात ऑलिव्ह मुरवायच्या पिंपाचं झाकण निघालं आणि ती दोन पावलं मागे सरली. कुजलेल्या कातड्याच्या जोड्यात मिठाचं पाणी साठवून ठेवावं, तसा वास.

"फुल्हेन्सिओ, हा माल गेला. ओतून दे," ती नाकाला रुमाल लावून म्हणाली.

"गेला कसला? जरा आंबलाय. तू तुझा मसाला चोळ. तुझ्या मसाल्यात दगड घातले तरी लोक चोखत बसतील."

"दगड घाल मग. दगड निदान कुजत नाहीत!"

स्पेनमधल्या उत्रेऱ्याच्या त्या शिवारात गोर्दाल ऑलिव्ह म्हणजे लाडावलेलं लेकरू. कबुतराच्या अंड्याएवढं मांसल फळ, पण पिळलं तर तेल नावालाच; म्हणून ते फक्त खायचं ऑलिव्ह. त्याची एकट्याची बाग लावली तर धड फळत नाही, मधूनमधून मान्सानिया या दुसऱ्या जातीची झाडं सोबतीला लागतात. तरीही एक वर्ष लगडेल आणि पुढच्या वर्षी तोंड फिरवेल. सप्टेंबरात हिरवा रंग पिवळसर झाला की हातानंच तोडायचं. काठीनं झोडपलं की फळावर तपकिरी डाग उमटलाच.

विसीचा नवरा सिप्रिआनो गळ्यात अस्तराची टोपली अडकवून शिडीवर चढायचा आणि गाईचं दूध काढावं तशी फांदीवरून हलकेच फळं ओढून घ्यायचा. जमिनीवर पडलेलं फळ तो टोपलीत टाकायचा नाही. त्याच्या त्या हातांवर भाळूनच विसीनं लग्न केलं होतं.

आणि असा माल फुल्हेन्सिओनं मिठात हात आखडता घेऊन सडवला. मीठ काही महाग नव्हतं. स्वभावच तसा.

विसी मसाला न लावता घरी आली. चार दिवसांनी लसूण कुटायला तिनं लाकडी खल घेतला, तर त्यात तिच्याच मसाल्यातली कडू संत्र्याची साल, बडीशेपेच्या काड्या आणि त्यांच्याखाली तोच वास.

"माझ्या खलाला कोणी हात लावला?"

सिप्रिआनो भाकरीचा तुकडा मोडत राहिला. "भाऊ आहे माझा. मसाला लावायच्या आधी फळ तीन पाण्यांनी धुतलं, विसी. वास जातो."

"तुझ्या नाकातून जात असेल. शी! रोज माझ्या हातचं जेवतोस आणि माझ्याच हातांच्या नावावर घाण खपवतोस?"

तिनं खल चुलीत घातला.

रविवारी फुल्हेन्सिओच्या लेकीचं चर्चमधलं पहिलं कम्युनियन होतं. पांढऱ्याशुभ्र झग्यातली पोर, अंगणात लांबलचक टेबलं, शेरी, हॅम आणि ताटल्या भरभरून गोर्दाल. पुरा नावाची म्हातारी आत्या बोटं चाटत म्हणाली, "विसी, काय मसाला गं! देवानं हात दिलेत तुला."

विसीनं नवऱ्याकडे पाहिलं. कुणाला शंका येऊ नये म्हणून तो एकामागून एक ऑलिव्ह तोंडात टाकत होता, चावत होता, हसत होता. हनुवटीवर ओघळ आला होता. तिला शिसारी आली.

"घे ना, लाजतेस काय?" फुल्हेन्सिओनं एक ऑलिव्ह तिच्या ओठांपाशी धरलं.

तिनं घेतलं, चावलं आणि सगळ्यांच्या देखत पांढऱ्या टेबलक्लॉथवर थुंकलं.

"हे कुजलंय. आणि मसाला मी लावलेला नाही. माझ्या नवऱ्यानं चोरून लावलाय."

मग जाऊबाई कडाडली, "पोरीच्या सणाला घाण करतेस? लाज नाही वाटत?" बाकीच्यांनीही विसीलाच नावं ठेवली. आणि पुरा आत्यानं हात लांब करून आणखी एक उचललं. "मला तर बाई छान लागतंय."

त्या कुजक्या फळापेक्षाही विसीला किळस आली ती या माणसांची. ती उठून चालती झाली.

कुणी आजारी पडलं नाही. उरलेली पिंपं शहरात खपली. पुढच्या हंगामात विसीनं दुसऱ्याच्या बागेतलं गोर्दाल घेऊन बाजारात स्वतःचं दुकान मांडलं, आणि ते चाललंही. सिप्रिआनोनं भावाचं शेड सोडलं, माफी मागितली, घरातच राहिला. ती त्याला वेळेवर वाढायची, दुखण्याखुपण्यात उशाशी बसायची. पण खाट वेगळी केली ती केलीच. त्यानं तोंड जवळ आणलं की तिची मान आपोआप वळायची.

पुष्कळ वर्षांनी तो गेला. शेजारणी म्हणाल्या, "कपाळाचा शेवटचा मुका घे गं." विसी वाकली, थबकली, आणि त्याच्या केसांवरून नुसता हात फिरवून बाजूला झाली.