फळ्याची उजवी बाजू

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एक फळा होता आणि त्या फळ्याच्या मधोमध उभी रेघ होती. ती रेघ वेडूनानांनी तेलरंगाने मारलेली, म्हणजे कुणी पुसू म्हणेल तर पुसता येऊ नये. डाव्या बाजूला जगाचा दिनविशेष: कुण्या शास्त्रज्ञाचा जन्म, कुठल्या देशाचं स्वातंत्र्य, कुण्या राजाचा मृत्यू. उजव्या बाजूला गावाचा. 'आजच्या दिवशी मारुतीच्या पारापाशी हापशी बसली.' 'आजच्या दिवशी शंकरअण्णांचा बैल गेला.' 'आजच्या दिवशी सुपडूच्या घरी जुळे झाले.' रोज सकाळी, घंटेच्या आधी, मोत्यासारख्या अक्षरात.

नाना मास्तर नव्हते बरं का, शिपाई होते. पण हेडमास्तरांचं अक्षर असं की त्यांचं त्यांनाच लागायचं नाही, म्हणून खडू नानांच्या हातात आला तो आलाच. निवृत्त झाल्यावरही सुटला नाही. आता त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी शहाद्याकडे जाताना ती शाळा दिसली की माझी मान आपोआप व्हरांड्याकडे वळते.

एकदा तपासणीला साहेब आले. फळ्यासमोर थबकले नि म्हणाले, "हे बैलाचं काय लिहिलंय? पोरांनी यातून काय शिकायचं?" हेडमास्तरांचा चेहरा पांढरा पडला. नाना मात्र शांतपणे म्हणाले, "सायेब, त्या डाव्या बाजूना राजा मरना, तो आम्ही देखा बी नही. हाऊ बैल मरना त्या दिनले बठ्ठं गाव जेवनं नही." अख्खं गाव उपाशी राहिलं हे ऐकल्यावर साहेबांनी बैलाची ओळ पुन्हा वाचली आणि ते पुढच्या वर्गाकडे वळले.

हा छंद लागला कसा, तर एक जूनमुळे. आमच्याकडे शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची. मग मास्तर सरसकट एक जून लिहायचे. अर्धं गाव कागदावर एकाच दिवशी जन्मलंय! नानाही त्यातलेच. त्यांची आई सांगायची, तू झालास तेव्हा ज्वारीची कापणी चालली होती. नाना फणकाऱ्याने म्हणायचे, "जूनमा ज्वारीनी कापनी कोनी देखी शे? मन्हा जलमदिन सरकारनी चोरा, पन गावना कोन्हा चोरू देवाव नही." म्हणून त्यांनी एक जाडजूड वही केली. वर्षाचा एकेक दिवस म्हणजे एकेक पान, एकोणतीस फेब्रुवारीलासुद्धा वेगळं. गावात कुणी जन्मलं, कुणी गेलं की नाना सायकल काढून त्या दारी जायचे, खात्री करायचे आणि मगच लिहायचे. "फया खोटं बोलत नही," असं म्हणायचे. फळ्याला ते फया म्हणत.

सगळ्या पोरांचे वाढदिवस फळ्यावर यायचे. त्या दिवशी त्या पोराची काय ऐट! एका माझ्याच दिवशी उजवी बाजू कोरी. दरवर्षी. पहिलीत वाटलं, नाना विसरले. चौथीत कळलं, नाना काही विसरत नाहीत. मग मी त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरीच राहू लागले.

कारण मला ठाऊक होतं, म्हणजे ठाऊक आहे असं वाटत होतं. मी तळोद्याला मामाच्या घरी जन्मले आणि त्याच दिवशी इकडे माझे वडील, हिरालाल, मळ्यातल्या मोटारीचा शॉक लागून गेले. मोठी काकू येताजाता ऐकवायची, "बापले गिळी उनी." बापाला गिळून आली म्हणे. अशा पोरीचा दिवस फळ्यावर कोण लिहील? माझ्या मायला मात्र काकूच्या बोलण्याचं काही नव्हतं. तिची टोचणी निराळीच. "त्यास्ले कयनंच नही," ती म्हणायची. आपल्याला मुलगी झाली हे न कळताच माणूस गेला, हे तिला चाळीस वर्षं गिळता आलं नाही. दर सणाला पहिला घास बाजूला काढताना तिचा हात थांबायचा, आणि मला कळायचं की ती तेच घोकतेय.

मी पुढे आश्रमशाळेत शिक्षिका झाले. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत गावी गेले तेव्हा नानांना म्हटलं, "तुमची वही द्या, टाइप करते. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज टाकू." मला वाटलं, नाही म्हणतील. पण ते आत गेले, वही आणली, माझ्या हातात देताना जरा वेळ धरूनच राहिले. म्हणाले, "लई जाय, बेटा. कोन्हीबी पहिले आपलंच पान उघाडस."

खरंच होतं ते. घरी येऊन मी पहिलं आपलंच पान उघडलं. वाटलं, कोरं असेल. पान भरलेलं होतं.

'हिरालालला मुलगी झाली. तळोद्याहून सोसायटीच्या कचेरीत फोन आला. सेक्रेटरी जेवायला गेले होते, मी शाळेच्या कामाने तिथे होतो, म्हणून मी घेतला. सायकलीने मळ्यात जाऊन सांगितले. तो हसला. म्हणाला, माझी आई परत आली. झाडावर पिकलेला केळीचा घड कापून कॅरिअरला बांधून दिला, शाळेतल्या पोरांना वाट म्हणाला. मोटार बंद करतो आणि तळोद्याला निघतो म्हणाला. मी केळी वाटत होतो तेव्हा ओरडा झाला. संध्याकाळी मयताला आलेल्या तिच्या मामाने विचारले, निरोप दिला का. मी म्हणालो, लाइन तुटली, ऐकू आले नाही. हे खोटे आहे.'

मी तीनदा वाचलं. मग वही काखेत मारली आणि तडक नानांच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले.

"खोटं बोललात नाना! मामाशी, मायशी, माझ्याशी!"

"हां, बेटा." ते वाट बघतच बसले होते. "एकच डाव बोलनू. पन ते खोटं रोज मन्हासंगे शाळामा उनं."

"पण का?"

"खुशीमा व्हता ना तो. पायमा चप्पल नही, हात वला, तसाच स्टार्टरले हात लावा. मी बातमी नही, त्यान्हं मरन लई गयथू. आनि लोकेसले सांगं असतं, ते म्हनतीत, पोरनी बातमीच बापले खाई गई. तुन्हा माथे पाप नको, म्हनीसन मी गप बठनू. खरं लिखता ये नही, आनि फयावर खोटं लिखता ये नही, म्हनून तुन्हा दिन कोरा ठेवा."

"ते तसंही म्हणतातच की, नाना!" मी ओरडले. "चाळीस वर्षं म्हणताहेत! तुम्ही माझ्यासाठी गप्प बसलात आणि मला मिळाली कोरी बाजू!"

काकूचे टोमणे नानांच्या कानावर कधी गेलेच नव्हते की काय, देव जाणे. मग त्या म्हाताऱ्याने खांद्यावरचा पंचा तोंडाला लावला आणि लहान पोरासारखे हुंदके दिले. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "मायला सांगावं लागेल." ते म्हणाले, "सांग. ती जे बोली ते मी ऐकसू."

मला वाटलं, माय शिव्याशाप देईल. तिने सगळं ऐकून घेतलं, चुलीवरचा तवा खाली उतरवला.

"कयनं व्हतं त्यास्ले?"

"हो, माय."

"पोरगी शे, हाईबी?"

"हो. हसले म्हणे. माझी आई परत आली म्हणाले. शाळेत केळी वाटायला दिली."

मायच्या डोळ्यांतून धारा आणि तोंडावर हसू. "कयनं व्हतं... हसनात..." एवढंच पुन्हा पुन्हा. एवढी मोकळी माझी माय मी कधीच पाहिली नव्हती. जरा वेळाने डोळे पुसून म्हणाली, "नानाले जेवाले बलाव."

नाना आले, पण दारातच उभे. मान खाली. मायने ताट वाढलं आणि म्हणाली, "इतलं वझं एकला काबर वाही ऱ्हायनात हो नाना? आनि मोटारनं म्हनशात, ते पोरना बाप रोजच वला हातनी बंद करेत. मीच किती डाव बोलनी त्यास्ले. तुम्ही त्यास्नं मरन नही लयनात. हासू लई गयात." नाना ताटावर बसले. मायनेच पाण्याचा तांब्या पुढे केला.

महिन्याभराने माझा दिवस आला. चौथीनंतर पहिल्यांदाच मी त्या दिवशी शाळेत गेले, मायला घेऊन. सोबत केळीचे दोन घड. आदल्या दिवशी नानांनी मायला विचारलं होतं, हिरालालचं जाणंही लिहू का? ती म्हणाली होती, "ते बठ्ठा गावले माहीत शे. जे माहीत नही ते लिखा."

डाव्या बाजूला जगात त्या दिवशी काय काय झालं ते होतं, मी नीट वाचलंही नाही. उजव्या बाजूला, थरथरत्या पण तशाच गोल अक्षरात लिहिलं होतं:

'आजच्या दिवशी हिरालालला मुलगी झाली. बातमी त्याला पोचली होती. तो हसला.'

मायला वाचायला वेळ लागतो. तिने बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून. पोरं केळी खात भोवती उभी होती. मग माय नानांना म्हणाली, "आज पुसू नका हो."

नाना रोज संध्याकाळी फळा पुसून घरी जायचे. इतक्या वर्षांत, पूर असो की कुणाचं मरण, एक दिवस चुकला नव्हता. त्या संध्याकाळी त्यांनी खडू खिशात टाकला, पंचा झटकला आणि मायबरोबर बोलत बोलत फाटकाबाहेर पडले. दुसऱ्या दिवशी शाळा भरली तेव्हा व्हरांड्यात कालचाच दिनविशेष होता.