तुटलेलं बटण

शोभाताईंनी आमच्या गल्लीत शिवणकामाचं दुकान काढलं. घरोघरी पत्रकं वाटली, तरी महिनाभर कुणी फिरकलं नाही. मग एका दुपारी त्यांनी दारात पाटी लावली : ‘तुटलेलं बटण फुकट लावून मिळेल.’

मी वडिलांचा सदरा घेऊन गेलो, कुणाचा तेही सांगितलं.

“त्यांनाच पाठवायचं, मापही घेतलं असतं,” शोभाताई म्हणाल्या.

“ते आता नाहीत.”

त्या बटणांचा डबा उपडा करून जुळणारं बटण शोधत राहिल्या. उतरत्या उन्हात ती रंगीबेरंगी बटणं ओल्या खड्यांसारखी चमकत होती. गल्ली एखाद्याला आपलं म्हणते ती अशाच संथ वेळी, असं वाटत राहिलं.

“कपाटात ठेवू नका, घाला,” बटण लावलेला सदरा हाती देत त्या म्हणाल्या.

मी तिथेच घातला. समोरच्या काकू हे दारातून पाहत होत्या. त्या आत गेल्या आणि दिवंगत यजमानांचा, ट्रंकेत जपलेला कोट घेऊन आल्या.