अध्यक्षांच्या समाधीपुढचा दगड

एकोणीसशे नव्वदच्या सुमारास आमच्या शिक्षण संस्थेचे माजी अध्यक्ष मेले आणि आम्हा मास्तरांच्या मागं कायमचं लचांड लागलं. दर पुण्यतिथीला पोरांची रांग घेऊन आधी त्यांचा बंगला दाखवायचा, मग समाधी. बंगल्यात त्यांचा पलंग, काठी, चष्मा. दाढीची वाटीसुद्धा काचेत ठेवलेली! या माणसानं जन्मात कुणाला फुकट पाणी पाजलं नाही, आणि मी पोरांना सांगायचो, हात जोडा.

समाधी कुंभार पिंपळगावच्या रस्त्याला. ते शेत मूळचं आमचं. रस्त्याकडेची काळी जमीन त्यांच्या डोळ्यांत भरली. ती घेऊन त्यांनी आम्हाला ओढ्याकाठचं खडकाळ रान दिलं. मी त्यांच्याच शाळेत नोकरीला, त्यामुळं वडिलांना नाही म्हणता आलं नाही. वडिलांनी अट एकच घातली. माझ्या आजोबांना त्या शेतात अग्नी दिला होता, तिथं बसवलेला दगड हलवायचा नाही. दर अक्षय तृतीयेला वडील त्या दगडापुढं पितरांचा निवद ठेवायचे.

दगड हलवला नाही खरा. पण संगमरवरी समाधी नेमकी त्याच्या पुढ्यात बांधली, आणि येणारे पुढारी त्या दगडावर बूड टेकून बुटाच्या नाड्या सोडायला लागले.

एका पुण्यतिथीला वडील सोबत होते. एक गलेलठ्ठ पाहुणा दगडावर बसला आणि बूट त्यावरच ठेवून आत गेला. माझं टाळकं सरकलं. मी पुढं होणार तेवढ्यात वडिलांनी दंड धरला.

"नौकरी जाईल तुझी. मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी शेंदूर आणि तेल नेलं आणि सगळ्यांदेखत दगड माखला. समाधीच्या राखणदारानं विचारलं, "काय करून राह्यलात, बाबा? कोणता देव हाये ह्यो?"

"म्हसोबा," वडील म्हणाले.

दगडावरचे बूट गेले, नारळ फुटायला लागले. लोक आधी म्हसोबाच्या पाया पडायचे, मग अध्यक्षांच्या. मीही पोरांना तेच शिकवलं. कधी नव्हे तो पुण्यतिथीला मला आनंद झाला.

मग अक्षय तृतीया आली. वडील ताट घेऊन निघाले, मीही गेलो. संस्थेनं दगडाभोवती जाळी ठोकून पुजारी नेमला होता. ताट बघून तो म्हणाला, "पितराचा निवद हितं बिलकुल चालत न्हाई. नारळ आणा."

"आमचे आबा हायेत ते. माझा बाप हाये."

"म्हसोबा कुनाचा बाप असतो का?" पुजारी म्हणाला, आणि रांगेतली माणसं हसली. त्यांतली निम्मी आमच्याच गावची. त्या हसण्याचा राग अजून माझ्या डोक्यात आहे.

वडिलांनी ताट माझ्या हातात दिलं, समोरच्या टपरीवरून नारळ आणला आणि रांगेत शेवटी उभे राहिले. जाळी जवळ आली तसे माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "ताट झाकून धर. आबाला दिसू देऊ नको."