खुंटीवरचे सूत

करपलेल्या सुताचा वास आला की मला फोटो स्टुडिओतली ती दुपार आठवते. मी तेव्हा शाळेत होतो. दुसऱ्या दिवशी बाबांना ऑपरेशनसाठी धंतोलीच्या दवाखान्यात भरती करायचे होते आणि घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. "फोटू काहून? मी काय वापस येत नाही का वं?" बाबा आईला म्हणाले. तिने धुतलेली टोपी तेवढी पुढे केली. आम्ही तिघे स्टुडिओत गेलो. फोटोग्राफरचा दिवा नवा होता, पण स्टँड जुना. दिव्याचे भोक मोठे आणि स्टँडची खुंटी बारीक, त्यामुळे स्क्रू कितीही आवळला तरी दिवा मान टाकायचा. आम्ही विणकर. चरख्याच्या चातीवर सूत भरायची कांडी सैल बसली की आमच्याकडे मधे सूत गुंडाळतात. बाबांनी खिशातले सूत काढून खुंटीला वेढे दिले, दिवा वरून दाबून बसवला आणि खुर्चीवर जाऊन बसले. दिवा तापला तसा करपट वास सुटला. "काकाजी, इकडे कॅमेऱ्यात पाहा ना," फोटोग्राफर म्हणाला. "तुह्या दिवा पडन ना गा!" बाबा दिव्याकडे पाहतच म्हणाले. "दिव्याले मी पाहतो, तुम्ही मले पाहा." आई खुदकन हसली आणि तेवढ्यात फोटो निघाला. बाबा दवाखान्यातून परत आले नाहीत. आता मी कॉलेजात जातो, आमच्या घरातला पहिलाच. निघताना भिंतीवरच्या त्या फोटोपुढे क्षणभर थांबतो. बाबा माझ्याकडे पाहत नाहीत. त्यांची नजर अजून त्या दिव्यावरच आहे.